झोळी पसरणाऱ्या कलावंतांचे ऋण

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



अशा समारंभात पाहुण्याने मुलांना चार उपदेशाचे शब्द सांगावेत आणि खाली बसावे अशी रीत आहे. अभ्यास करा, वडीलधाऱ्यांचा मान राखा, हे मीही सांगतो. परंतु ते तुम्हांला घरी रोज ऐकावे लागते. म्हणून आज मी जरा वेगळ्या विषयावर, म्हणजे पैशाच्या विषयावर बोलणार आहे. शाळा काढायची म्हणजे पैसा लागतो, वसतिगृह चालवायचे म्हणजे पैसा लागतो, आणि तो कुणाला तरी मागावा लागतो. स्मरणिकेसाठी जाहिराती गोळा करताना आपल्या कार्यकर्त्यांना किती उंबरठे झिजवावे लागतात हे मी पाहिलेले आहे. दुसऱ्यासाठी हात पसरणे ही सोपी गोष्ट नाही. तो हात नामवंत माणसाने पसरला तर काय होते, याच्या काही हकिकती मी तुम्हांला सांगणार आहे.

पहिली हकिकत अमेरिकेतली आहे. साल १९६४, महिना ऑगस्टचा. हॅरी बेलाफॉन्टे आणि सिडनी पॉटिए हे दोघे मिसिसिपी राज्यातील ग्रीनवूड या गावी रात्रीच्या वेळी विमानाने उतरले. दोघेही कृष्णवर्णीय. बेलाफॉन्टे हा जगप्रसिद्ध गायक. गोदीत रात्रभर केळ्यांचे घड चढवणाऱ्या मजुरांचे गाणे त्याने घरोघर पोहोचवले होते. पॉटिए हा चित्रपटातला नट, त्याच वर्षी त्याला अभिनयाचे ऑस्कर पारितोषिक मिळाले होते. त्यांच्या हातात डॉक्टर वापरतात तशी एक बॅग होती आणि तिच्यात ७०,००० डॉलर रोख होते. विमानतळावरून निघाल्यावर गोऱ्या गुंडांच्या गाड्यांनी त्यांचा पाठलाग केला. कार्यकर्त्यांच्या गाड्या मध्ये आल्या म्हणून ते सुखरूप सभेच्या ठिकाणी पोहोचले. तिथे जमलेल्या लोकांपुढे त्यांनी ती बॅग रिकामी केली.

हा पैसा कशासाठी होता? मिसिसिपीत काळ्या माणसाला मताचा हक्क कागदावर होता. प्रत्यक्षात मतदार यादीत नाव घालायला गेले की परीक्षा घेत, नोकरीवरून काढत, घर जाळत. १९६०च्या सुमारास त्या राज्यात शंभर काळ्या प्रौढांमागे सातांचीही नावे यादीत नव्हती. त्या उन्हाळ्यात शेकडो विद्यार्थी गावोगाव नावे नोंदवण्यासाठी आणि मुलांना शिकवण्यासाठी गेले. जून महिन्यात त्यांच्यातील तीन तरुणांचा खून झाला. सुट्टी संपत आली तरी पुष्कळ कार्यकर्ते माघारी जायला तयार नव्हते, आणि त्यांना तिथे ठेवायचे तर पेट्रोल, जेवण, गाड्या आणि वकील यांची तजवीज हवी होती. त्या तजविजीसाठी बेलाफॉन्टेने जलसे करून आणि मित्रांच्या दारी जाऊन ही रक्कम उभी केली होती.

मित्रहो, चळवळ म्हटली की आपल्याला भाषणे आणि मोर्चे दिसतात. तिचा जमाखर्च कुणाला दिसत नाही. माँटगोमेरी शहरात डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस काळ्या लोकांनी बसमध्ये पाऊल ठेवले नाही. त्या काळात माणसे कामावर कशी गेली? काही पायी गेली आणि काही वर्गणीतून चालणाऱ्या मोटारींतून गेली. १९६३ साली बर्मिंगहॅममध्ये शाळकरी मुले मोर्चात निघाली आणि शेकड्यांनी तुरुंगात गेली. त्या प्रत्येक मुलामागे जामिनाची रक्कम भरावी लागते. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग तुरुंगात असताना अशा वेळी बेलाफॉन्टे न्यूयॉर्कमध्ये बसून दूरध्वनीवरून पैसा उभा करीत असे. जानेवारी १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये सॅमी डेव्हिस, फ्रँक सिनात्रा वगैरे मंडळींनी किंग यांच्या संघटनेच्या मदतीसाठी जलसा केला. भक्तिगीते गाणारी महालिया जॅक्सन ही तर चळवळीच्या सभांतून बोलावतील तेव्हा उभी राहत असे.

यात बेलाफॉन्टेची एक गोष्ट मला विशेष वाटते. त्याची आई लोकांच्या घरी धुणीभांडी करणारी. तो श्रीमंत झाला आणि स्वस्थ बसू शकला असता. त्याने किंग यांच्या आयुष्याचा विमा उतरवला आणि हप्ते स्वतः भरले, कारण या माणसाला मारतील हे त्याला दिसत होते. १९६८ साली किंग यांची हत्या झाली तेव्हा त्यांच्या बायकामुलांना आधार झाला तो त्या विम्याचा. ग्रीनवूडच्या त्या रात्रीनंतर एक वर्षाने, ६ ऑगस्ट १९६५ रोजी, मतदानाच्या हक्काचा कायदा झाला. बेलाफॉन्टे २०२३ साली, वयाच्या ९६व्या वर्षी वारला. शेवटपर्यंत तो कुणा ना कुणासाठी मागतच होता.

तुम्ही म्हणाल, हे सातासमुद्रापलीकडचे झाले. आपल्याकडे काय? तर आपल्याकडची हकिकत आधीची आहे, आणि ती आपल्या कोकणातूनच सुरू होते. माणसाला माणूस म्हणून तळ्याचे पाणी पिता यावे यासाठी मार्च १९२७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडला चवदार तळ्यावर गेले. त्याच वर्षी डिसेंबरात दुसरी परिषद भरवायची ठरली तेव्हा मंडपाला कुणी जागा देईना. ती जागा दिली फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने. ही गोष्ट आपल्या मुलांना माहीत असावी म्हणून मुद्दाम सांगितली. पुढे या चळवळीचे म्हणणे गावकुसाबाहेरच्या वस्तीत पोहोचवले ते जलशांनी. नाशिकचे भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी दिवसभर कामधंदा करून रात्री कंदिलाच्या उजेडात गात. वाचता न येणाऱ्या माणसाला आपला हक्क कळला तो या गाण्यांतून.

पृथ्वीराज कपूर यांचे नाव पालकांना ठाऊक आहे. मुलांना मोगल बादशहा अकबराची भूमिका करणारा भारदस्त नट एवढेच ठाऊक असेल. १९४४ ते १९६० या काळात त्यांनी आपली नाटक मंडळी घेऊन सारा देश पालथा घातला. त्यांच्या ‘दीवार’ आणि ‘पठाण’ या नाटकांतून हिंदू-मुसलमानांनी एकत्र राहण्याचा विचार मांडलेला होता. नाटक संपले की हा धिप्पाड माणूस दाराशी येऊन मान खाली घालून उभा राही आणि दोन्ही हातांनी झोळी धरी. लोक बाहेर पडताना त्यात पैसे टाकीत. कधी दुष्काळग्रस्तांसाठी, कधी फाळणीने उघड्यावर आलेल्यांसाठी ते मागत. रंगभूमीवर राजासारखा वावरणारा माणूस झोळी घेऊन उभा राहिला की देणाऱ्यालाही आपण उपकार करतो असे वाटत नसे.

आता आपल्या महाराष्ट्राचा शाहीर. सोलापूर जिल्ह्यात बार्शी हे गाव आहे. तिथे २० ऑक्टोबर १९१६ रोजी एका गरीब मुसलमान घरात मेहबूब हुसेन पटेल हा मुलगा जन्मला. आई मुनेरबी. जात्यावरच्या ओव्या आणि गाणी त्याने आईच्या तोंडून उचलली. पुढे मोटारीवर क्लीनरचे काम केले, गिरणीत मजुरी केली, संपात तुरुंग पाहिला. हाच मुलगा शाहीर अमर शेख म्हणून प्रसिद्ध झाला. अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्याने लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णा भाऊ शाळेत बसले ते जेमतेम दीड दिवस असे सांगतात. तिघे निरनिराळ्या घरांतून आलेले, पण डफावर थाप पडली की आवाज एक होई.

१९४३ साली बंगालमध्ये दुष्काळ पडला. लाखो माणसे अन्नावाचून मेली. बंगाल कुठे आणि महाराष्ट्रातला शेतकरी कुठे! अण्णा भाऊंनी त्यावर पोवाडा रचला, शाहिरांनी तो गावोगाव गायला आणि ज्यांच्या घरी दुसऱ्या वेळची भाकर नक्की नव्हती अशा लोकांनी बंगालसाठी पैसे दिले. १९५६ पासून संयुक्त महाराष्ट्राचा लढा पेटला. शंभराहून अधिक माणसे त्यात बळी पडली. अमर शेखांचा आवाज असा की ध्वनिक्षेपकाची गरज नसे. शिवाजी पार्कवर किंवा गिरणगावच्या मैदानात ते गाऊ लागले की लाखाचा समुदाय स्तब्ध होई. आणि गाणे झाले की झोळी फिरे. गिरणी कामगार आणि हमाल आपल्या घामाच्या कमाईतले तिच्यात टाकीत. १९६२ साली चीनचे आक्रमण झाले तेव्हा संरक्षण निधीसाठी हाच शाहीर पुन्हा गावोगाव गात फिरला. २९ ऑगस्ट १९६९ रोजी अपघातात त्यांचे निधन झाले. आयुष्यभर त्यांच्या झोळीतून जो पैसा गेला, त्यातला त्यांच्या घरात उरला नाही.

अलीकडची एक गोष्ट सांगतो. बाबा आढाव यांनी १९७२ साली ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ काढली. महाडला जे मागितले होते तेच पंचेचाळीस वर्षांनी पुन्हा गावोगाव मागावे लागले. अशा कामात जे तरुण पूर्ण वेळ उतरतात त्यांच्या घरची चूल कशी पेटावी? या प्रश्नातून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला. डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले यांनी पुढाकार घेतला आणि तनुजांसारखे नामवंत त्यांना मिळाले. आचार्य अत्र्यांचे १९३६ सालचे ‘लग्नाची बेडी’ हे नाटक घेऊन ही मंडळी महाराष्ट्रभर फिरली. लोकांनी पोट धरून हसावे आणि त्या तिकिटांच्या पैशांतून जो निधी साठेल, त्याच्या व्याजातून कार्यकर्त्यांना दरमहा मानधन मिळावे अशी ती योजना होती.

निळूभाऊंना आपण पडद्यावर नीच सरपंच म्हणून पाहिले. बायाबापड्या त्यांना शिव्याशाप देत. हा माणूस पुण्याच्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करीत होता तेव्हा ऐंशी रुपये पगारातले दहा रुपये राष्ट्र सेवा दलाला देत असे. डॉ. लागू हे कान-नाक-घशाचे निष्णात शल्यवैद्य, चालता धंदा सोडून रंगभूमीवर आलेले. आणि त्या निधीचे नाव काय ठेवले पाहा. मदत निधी म्हटले नाही, दया निधी म्हटले नाही. कृतज्ञता निधी म्हटले. जो माणूस आपल्या सर्वांच्या वतीने झिजतो त्याचे आपण देणे लागतो, असा त्याचा अर्थ आहे.

बंधुभगिनींनो, आता मी माझ्या घरची गोष्ट सांगतो. ती आजवर मी व्यासपीठावरून सांगितलेली नाही.

मी मॅट्रिक झालो त्या वर्षी आमच्या गावच्या शाळेत वरचे वर्ग भरवायला जागा नव्हती. पुढे शिकायचे तर होडीतून खाडी ओलांडून जावे लागे. मुलगे जात. मुलींना कुणी पाठवीत नसे. मुंबईत गाववाल्यांची एक खोली होती. तिथे गोदीत काम करणारी, जहाजावर जाणारी तरुण मुले राहत. त्यांनी जमातीला पत्र लिहिले, की आम्ही मुंबईत एक नाटक आणि कव्वालीचा कार्यक्रम करतो, तिकिटे विकतो, आणि शाळेच्या दोन खोल्यांचा खर्च पाठवतो. सभा भरली. वडीलधारी मंडळी म्हणाली, नाचगाण्याच्या पैशावर शाळा उभारायची नाही. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पैसा स्वच्छ असावा, कुणी बोट दाखवू नये, एवढेच त्यांना हवे होते. माझे अक्षर चांगले म्हणून नकाराचे पत्र मला लिहायला सांगितले. मी ते लिहिले. नुसते लिहिले नाही, मोठ्या ऐटीत लिहिले. ‘आम्हांस नटव्यांच्या दानाची गरज नाही’ असे एक वाक्य मी पदरचे घातले.

मग पावतीपुस्तके छापली, घरोघर वर्गणी फिरली. माणसे गरीब होती, वर्गणी पुरी पडेना. दोन खोल्या उभ्या राहायला सहा वर्षे लागली. माझी धाकटी बहीण चौथी पास होऊन घरी बसली होती. हिशेबात माझ्याहून ती तल्लख होती. खोल्या झाल्या तेव्हा तिचे लग्न ठरलेले होते. आज ती आजी आहे, सुखात आहे, मला कधी एका शब्दाने बोललेली नाही. पण नातीचे पुस्तक हातात घेऊन ती चित्रे पाहते आणि खालच्या ओळींवरून बोट फिरवते, तेव्हा मला माझे ते सुंदर अक्षर आठवते.

मुंबईच्या त्या मुलांनी रात्रपाळी करून, तालमी करून, आपल्या गावच्या पोरींसाठी नाटक करायचे योजले होते. त्यांचा पैसा अस्वच्छ कसा? मी पुढे अमर शेखांविषयी वाचले, ग्रीनवूडच्या त्या बॅगेविषयी वाचले, तेव्हा दर वेळी मला ते पत्र आठवले. नाटक-गाण्याविषयी ज्याची त्याची मते असतील आणि ती असू द्यावीत. काय गावे, कसे गावे याला मर्यादा जरूर घालावी. परंतु कलावंत आपला घसा आणि आपले नाव दुसऱ्याच्या हक्कासाठी झिजवतो, तेव्हा त्याला दारातून परत पाठवण्यापूर्वी त्या नकाराची किंमत कोण भरणार हे एकदा विचारावे. आमच्या गावात ती वडीलधाऱ्यांनी भरली नाही, मीही भरली नाही. ती एका दहा वर्षांच्या मुलीने भरली.

आपण किनाऱ्यावरची माणसे. रापण ओढताना आपण सर्वांनी पाहिली आहे. जाळे समुद्रात लांब टाकलेले असते आणि दोन्ही बाजूंनी दोर ओढायला माणसे लागतात. वाटेने जाणारा कुणी येऊन दोराला हात लावतो, त्यालाही चार मासळ्या मिळतात. झोळीतला पैसा तसाच आहे. ज्याने चार आणे टाकले तो त्या कामाचा वाटेकरी झाला. अमर शेखांच्या झोळीत नाणे टाकणाऱ्या हमालाला १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा वाटले असेल की हे राज्य मी आणले. श्रीमंताच्या एका मोठ्या देणगीने इमारत लवकर होते हे खरे. हजार हातांच्या लहान वर्गणीने इमारत होते आणि तिला हजार मालकही मिळतात. गाणे आणि नाटक ते हजार हात दोराकडे आणते, हे त्याचे काम.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. आपल्या संस्थेसाठी कुणी कार्यक्रम करायला निघाला तर त्याला आधी हिशेब विचारा, चोख विचारा, आणि तो सभेत वाचून घ्या. हिशेब नसलेली झोळी फाटकी असते. हिशेब चोख असेल तर मात्र त्याच्या पाठीशी उभे राहा. तुमच्या मुलाला गाता येत असेल, मुलीला चांगले बोलता येत असेल, तर त्याची लाज बाळगू नका. आणि कुठलीही मुलगी खोली नाही, होडी नाही, पैसा नाही म्हणून घरी बसली असेल तर तिचे नाव संस्थेला कळवा. सहा वर्षे थांबू नका.

विद्यार्थी मित्रांनो, आज तुमच्यापैकी काहींना शिष्यवृत्ती मिळाली. तो पैसा आकाशातून पडलेला नाही. कुणी जहाजावर असताना पाठवला आहे, कुणी मासळी विकून दिला आहे, कुणी आखातातल्या उन्हात मिळवला आहे. कुणीतरी तुमच्यासाठी दाराशी उभा राहून, मान खाली घालून तो मागितला आहे. त्याचे उपकार मानू नका, त्याला ते नको आहेत. मोठे व्हा, कमावते व्हा, आणि एक दिवस दुसऱ्या कुणाच्या मुलासाठी तुम्ही झोळी धरा. त्या दिवशी मान खाली घालताना तुम्हांला लाज वाटणार नाही.